दांडीवरची दुसरी साडी

भाजलेल्या बाईला भेटायला आलेले लोक 'कसं झालं हो?' असं विचारतात आणि उत्तर पुरं व्हायच्या आत 'थोडक्यात निभावलं म्हणायचं' असं सांगून मोकळे होतात. मग शहाळं टेबलावर ठेवतात आणि गणपतीत लक्ष्मी रस्त्याला गाडी लावायला जागा मिळत नाही यावर बोलत बसतात. मी पुष्कळ दिवस त्यांना बरं बरं म्हणत आले. आता नाही म्हणणार. थोडक्यात निभावलेलं नाही.

माझं नाव मेधा. शनिवार पेठेत राहते, एका शाळेत गणित शिकवते. मागच्या वर्षी गौरीपूजनाच्या दिवशी स्वयंपाक करताना माझ्या साडीने पेट घेतला आणि उजवा हात मनगटापासून दंडापर्यंत भाजला. ज्यांच्या घरात कुणी भाजलं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे, हे खरंच. पण मुख्य म्हणजे मला राग आलेला आहे. लिहून तो जाईल अशी माझी समजूत नाही.

तो दिवस

आमच्याकडे उभ्याच्या गौरी. पूजनाच्या दिवशी नैवेद्याचा सगळा स्वयंपाक सोवळ्यात होतो. म्हणजे डोक्यावरून आंघोळ करायची, दांडीवर वाळत घातलेलं सोवळ्याचं वस्त्र काठीने खाली घ्यायचं, ते नेसायचं आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत सोवळ्यात नसलेल्या कुणालाही शिवायचं नाही. आमची इमारत नवी आहे, लिफ्ट आहे, इंटरकॉम आहे. तरी स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत छताला एक लाकडी दांडी टांगलेली आहे. सासूबाईंनी ती बिल्डरकडून मुद्दाम करून घेतली. सोवळ्याची वस्त्रं आमच्याकडे कपाटात जात नाहीत, वर्षभर त्या दांडीवरच असतात.

सोवळ्याला सासूबाईंच्या मते रेशीमच हवं, कारण रेशमाला विटाळ नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला आणि माझी धाकटी जाऊ केतकी हिला सोवळ्यासाठी सारख्या साड्या आणल्या. मोतिया रंग, लाल काठ. जावाजावांत डावं-उजवं नको म्हणून अगदी एकाच गठ्ठ्यातल्या. 'रेशीम आहे, शिवाय घरी धुता येतं,' असं त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी सोळा भाज्यांची भाजी झाली होती, पुरण झालं होतं, मी वडे तळत होते. नैवेद्याच्या वेळी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा अशी पद्धत. मागच्या शेगडीवरचं कटाचं पातेलं उतरवायला मी हात लांब केला आणि उजव्या बाजूचा पदर पुढच्या ज्योतीवरून गेला.

साडी पेटते म्हणजे काय होतं हे मी सिनेमात पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. कापड आधी आक्रसलं, मग त्याचा चिकट पाक झाला आणि तो माझ्या हातावर बसला. मी हात झटकला तरी तो सुटेना.

माझा दीर, निनाद, आरडाओरडा ऐकून बाहेरून धावत आला. तो जीन्समध्ये होता. स्वयंपाकघराच्या दारात तो थांबला. मुद्दाम नव्हे, त्याला कळलंसुद्धा नाही. चाळीस वर्षांची सवय. 'गौरीच्या दिवशी पारोशाने इथून पुढे यायचं नाही' हे त्याच्या पायांना पाठ होतं. क्षणभरच थांबला असेल. तो क्षण मी पाहिला आणि तो मी विसरायला तयार नाही.

पाणी ओतलं ते केतकीने. नैवेद्यासाठी भरून ठेवलेली कळशी तिने माझ्या हातावर रिकामी केली आणि मला खेचून नळाखाली उभं केलं. समोरचे काका टूथपेस्टची ट्यूब घेऊन आले, त्यांना तिने दारातूनच घालवलं. हे वाचणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं: नळाचं वाहतं पाणी, बराच वेळ, आणि दुसरं काहीही नाही. चिकटलेलं कापड ओढू नये. टूथपेस्टने दात घासावेत.

जबाब

विवाहित बाई स्वयंपाकघरात भाजली की दवाखान्यात पोलीस येतात. यायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी घरच्यांना बाहेर जायला सांगितलं. सोबत आलेल्या हवालदार बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, घाबरू नका. सासरी काही त्रास?"

काचेच्या दारापलीकडे माझा नवरा श्रीकांत उभा होता. तोंड पांढरं पडलेलं, अंगात घाईघाईने चढवलेला शर्ट आणि खाली पूजेचा पीतांबर तसाच. त्याच्या शेजारी सासूबाई हात जोडून बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "अपघात आहे."

खोटं बोलले नाही. मला कुणी मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही, पेटवलं तर मुळीच नाही. सासूबाई तर पुढे रोज डब्यातून मऊ भात घेऊन येत, माझी वेणी घालत, डावा हात चेपत बसत. मला धड चिडायची सोयसुद्धा त्यांनी ठेवली नाही. बाईंनी लिहून घेतलं, माझा डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि 'देवाची कृपा' म्हणून निघून गेल्या. देवाच्याच दिवशी, देवीच्याच स्वयंपाकात भाजले होते, तेव्हा कृपा नेमकी कुठे झाली हे त्यांना विचारायचं राहिलं.

रेशीम नव्हतं ते

दुसऱ्या दिवशी भूल देऊन हात साफ केला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर मुलाणी आल्या. प्लास्टिक सर्जन, साधारण माझ्याच वयाच्या, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं की पुढचा हात आणि दंड यांवरची जखम बरी होईल, पण कोपराच्या आतल्या बाजूला फार खोल गेली आहे. तिथे मांडीची त्वचा काढून लावावी लागेल. नीट काळजी घेतली नाही तर कोपर वाकलेल्या अवस्थेतच धरून बसेल आणि हात पुरता सरळ होणार नाही, वर जाणार नाही.

मी फळ्यावर लिहिणारी बाई. मला एवढंच समजलं की फळा गेला.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय नेसला होतात?"

"रेशमी साडी. सोवळ्याची."

त्यांनी मान हलवली. "ते रेशीम नव्हतं. तुमच्या कोपरातून मी जे काढलं ते वितळून घट्ट झालेलं प्लास्टिक होतं. पॉलिस्टर. रेशीम इतक्या सहज पेट घेत नाही, घेतला तरी वितळून अंगाला बसत नाही, राख होऊन गळून पडतं. खरं रेशीम असतं तर तुम्ही भाजला असता, पण इतक्या खोल नाही."

सासूबाई तिथेच होत्या. "अहो पण दुकानदार रेशीम म्हणाला होता," त्या म्हणाल्या.

"दुकानदार म्हणणारच," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

माझ्या आजारपणाचा पहिला दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी हा सांगते. आदल्या दिवशी मी नुसती भाजले होते. या दिवशी मला कशाने ते कळलं.

गॉझ आणि पापुद्रा

ज्यांनी भाजल्यावरचं ड्रेसिंग पाहिलेलं नाही त्यांनी बघायला जाऊ नये. जाळीचं गॉझ जखमेला चिकटतं, ते पाण्याने भिजवून सोडवतात, सोडवताना नवी आलेली त्वचाही थोडी निघते, आणि मग पुन्हा नवं गॉझ. सकाळी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू आला की मी उशीखालचा टॉवेल ओढून घ्यायचे. सिस्टर चांगल्या होत्या. 'झालं हं, झालंच आता' म्हणायच्या. होत काही नसे. मी दातात टॉवेलचं टोक धरून त्यांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या आहेत की माझ्या वर्गातली मुलं चाट पडतील.

त्वचा लावायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर मुलाणींनी एक पाकीट दाखवलं. आत पातळ, फिकट, भोकाभोकांचा पापुद्रा होता.

"कोपर सोडून बाकीच्या हातावर आणि मांडीवर जिथली त्वचा काढू तिथे हे लावणार आहे. एकदा लावलं की रोज सोडवायचं नाही. जखमेला धरून बसेल, खाली त्वचा आली की कडेने आपोआप सुटत जाईल, तेवढी कड आम्ही कापत जाऊ. तुम्ही ओढायचं नाही."

"कशाचं आहे?"

"रेशमाचं. किड्याच्या कोषाचा चिकट डिंक उकळून काढून टाकतात आणि उरलेल्या धाग्यापासून हे करतात. शरीर त्याला फार विरोध करत नाही. टाके घालायला तर रेशीम फार जुन्या काळापासून वापरतात."

मी हसायला लागले. इतकी हसले की सलाईनची सुई हलली आणि सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं दुखणं थांबवायच्या औषधाचा परिणाम. माझ्या हातात खरं रेशीम यायला आधी माझा हात जळावा लागला होता, यावर हसू नको तर काय करू?

सासूबाईंचा चेहरा मात्र कित्येक दिवसांत पहिल्यांदा उजळला. "म्हणजे सोवळ्यातलंच आहे की हो हे!" त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "हो, निर्जंतुक आहे."

पापुद्रा बसवल्यानंतर रोजची ट्रॉली माझ्या खाटेपाशी थांबेनाशी झाली. एखाद्या दिवशी डॉक्टर येत, सुटलेली कड कात्रीने कापत आणि जात. ज्या सकाळी पहिल्यांदा कुणी माझा हात सोलला नाही, त्या सकाळी मी चहा गरम असताना प्यायले. त्या पापुद्र्याखाली माझी त्वचा येत होती, मला खाज सुटत होती, आणि खाज सुटणं चांगलं असं सगळे सांगत होते. मला अधूनमधून तो किडा आठवे. कोष विणून आत झोपलेला, आणि आतल्या आत उकळला गेलेला. मला त्याच्याबद्दल इतकी आपुलकी कधी वाटेल असं वाटलं नव्हतं. आम्हा दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवरचा प्रश्न

माझ्या शेजारी सुजाताताई होत्या. महानगरपालिकेत नोकरीला, ऑफिसमध्ये चहाचं उकळतं भांडं पायावर पडलेलं. पडल्या पडल्या त्यांनी माझी सगळी हकिकत ऐकून घेतली. सोवळं म्हणजे काय, दांडी कशी, कुणाला शिवायचं नाही, सगळं. मध्ये एकदाही 'बाई गं' म्हणाल्या नाहीत.

"आम्ही बौद्ध," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असलं काही नाही. विहारात जाताना पांढरी सुती साडी, आणि घरी गाऊन घालून स्वयंपाक. म्हणून विचारते हं, राग नका मानू. तुमच्यात पुरुष काय नेसतात?"

"पीतांबर."

"तो तरी खरा असतो का?"

श्रीकांतचा पीतांबर लग्नातला, माझ्या वडिलांनी पैठणहून मुद्दाम आणवलेला. निनादचाही तसाच, केतकीच्या माहेरचा. पूजेला बसायचे तेवढाच वेळ नेसायचे, मग सासूबाई स्वतः तो सावलीत वाळवणार, मलमलीत गुंडाळणार. म्हणजे ओट्यापासून चार हात लांब, पाटावर, ताम्हनासमोर बसणाऱ्या माणसाच्या अंगावर खरं रेशीम. आणि शेगडीपाशी उभं राहून तेलात वडे सोडणारीच्या अंगावर प्लास्टिक.

"असतो," मी म्हणाले.

सुजाताताईंनी पांघरूण वर ओढलं आणि त्या कुशीवर वळल्या. मी संध्याकाळपर्यंत छताकडे बघत पडले होते. सासूबाई डबा घेऊन आल्या तेव्हा मी भूक नाही म्हणून तोंड फिरवलं.

घरी

घरी आल्यावर मला पहिल्यांदा दिसली ती दुसरी साडी. केतकीची. त्या दिवशी तिने घाईत सोडून टाकलेली, सासूबाईंनी धुऊन पुन्हा दांडीवर घातली होती. मोतिया रंग, लाल काठ, वाऱ्याने हलत होती.

"आई, ती साडी काढून टाका," मी म्हणाले.

"अगं, तिला काय झालंय? चांगली आहे."

"डॉक्टरांनी सांगितलं ना काय झालंय ते."

"एकाच थानातल्या सगळ्या साड्या सारख्या असतात असं थोडंच आहे? तुझी खोटी निघाली असेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि आता सांभाळून करायचं. पदर खोचून. पुढच्या वर्षी तू नसलीस तर केतकीला एकटीलाच करायचंय सगळं, तिला सोवळं नको का?"

मी श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "मी बोलतो." हे वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. मग म्हणाला, "तिचं वय बघ ना मेधा. तिलाही धक्का बसलाय. तिच्या हातून घडलं असं तिला वाटायला नको."

"कुणाच्या हातून घडलं मग? माझ्याच हाताला विचारू का?"

तो माझ्या गोळ्यांची पाकिटं लावायला लागला. तो वाईट माणूस नाही. मला आंघोळ त्याने घातली, माझी भाकरी कुस्करून दिली, शाळेत रजेसाठी खेटे घातले. फक्त आईशी बोलायचं म्हटलं की त्याला कामं आठवतात.

केतकीला फोन केला. ती बाणेरला राहते, आयटीत आहे.

"वहिनी, आय नो. मला ती साडी बघितली तरी धडधडतं. पण आईंना कोण सांगणार? एकच दिवस तर असतो. मी केअरफुल राहीन ना."

"मी केअरफुलच होते, केतकी."

मग तिने विचारलं, "मग काय करू?"

मला ठाऊक नव्हतं. साडी मला ओढून काढता आली असती, डाव्या हाताने, स्टुलावर चढून. कात्री लावता आली असती. पण मग ते 'आजारपणामुळे बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला' एवढंच झालं असतं, आणि सासूबाईंनी पुढच्याच आठवड्यात तसलीच दुसरी आणली असती. मला ती सगळ्यांसमोर खाली घ्यायची होती. आणि ज्या हाताला तिच्या जोडीची चिकटली होती त्याच हाताने.

हात वर

कोपराला लावलेली त्वचा धरली. डॉक्टर मुलाणी खूश झाल्या. त्यानंतरचे महिने हे फिजिओथेरपीचे, आणि त्यांच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. भाजलेल्या हाताला ज्या अवस्थेत बरं वाटतं तीच वाईट अवस्था. कोपर दुमडून पोटाशी धरला की सुख, आणि त्याच सुखात तो कायमचा दुमडतो. म्हणून झोपताना हात सरळ ठेवणारी फळी बांधायची, दिवसभर घट्ट बाही घालायची आणि सकाळ-संध्याकाळ कुणीतरी तो हात ओढायचा. ती बाही कृत्रिम धाग्याची असते. पुन्हा त्याच हाताला तसलंच कापड. मी ती घालताना रोज न चुकता एक शिवी दिली आहे.

फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय करता यायला हवंय? काही जण केस विंचरणं म्हणतात, काही जण गाडी चालवणं. काहीतरी ठरवलं की व्यायामाला नेट येतो."

"दांडीवरून एक साडी काढायची आहे," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी घरकामाबद्दल बोलते आहे. "छान," असं म्हणाल्या आणि भिंतीवर हात टेकवून बोटांनी वर चढायचा व्यायाम दिला. आमच्या हॉलच्या भिंतीवर माझ्या बोटांचे डाग पडले, दर महिन्याला थोडे वरचे. कोपर पुरता सरळ झाला नाही. होणारही नाही. फळ्याच्या वरच्या भागात मी आता लिहीत नाही, मुलं म्हणतात बाईंची गणितं खाली आली. पण काठी धरली तर हात दांडीपर्यंत पोचेल एवढा वर जाऊ लागला. तोवर श्रावण लागला होता.

पुन्हा गौरी

पूजनाच्या सकाळी मी आणि श्रीकांत मंडईतून भाज्या घेऊन आलो. केतकी आणि निनाद आले. केतकीची आंघोळ झाली आणि ती ओल्या केसांनी, गाऊनवर टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी राहिली, सोवळ्याची वाट बघत. भाऊ दोघेही पीतांबर नेसून तयार. सासूबाई काठी घ्यायला वळल्या.

काठी माझ्या हातात होती. मीही डोक्यावरून आंघोळ केली होती. माझ्या अंगावर सुती साडी होती, सकाळीच धुऊन पंख्याखाली वाळवलेली.

"तू कशाला? दुखेल," सासूबाई म्हणाल्या.

दुखलंच. कोपरातली त्वचा ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं. काठीचं टोक साडीखाली घातलं, उचललं, आणि ती साडी माझ्या उजव्या हातावर येऊन पडली. अंगावर काटा आला. तरी मी तशीच ओट्याशी गेले आणि शेगडी पेटवली.

"श्रीकांत, इकडे ये. तुझ्या पीतांबराच्या दशीचा एक धागा दे."

"मेधा, आज नको."

"आजच."

त्याने आईकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. धागा तोडून दिला. मी तो चिमट्यात धरून ज्योतीला लावला. क्षणभर पेटला, विझला, केस जळल्याचा वास सुटला. राख दोन बोटांत चुरली, तिची पूड झाली. मग केतकीच्या साडीच्या पदराचा धागा. तो पेटायच्या आधीच आक्रसला, त्याचा काळा थेंब झाला आणि ओट्याच्या कडाप्प्यावर टपकन पडला. गार झाल्यावर मी तो नखाने खरवडायला गेले. निघाला नाही. केतकीनेही खरवडून बघितला.

"हे माझ्या कोपरात होतं, आई."

सासूबाई पाटावर बसल्या. आता 'दुकानदार म्हणाला' येईल म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही.

"निव्वळ रेशीम नाही हे मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "हाताला कळतं ना. पण तुम्हाला ओट्याशी उभं राहायचं. तेलाचे, हळदीचे डाग. खरं रेशीम एका दिवसात वाया गेलं असतं. यांचे पीतांबर बघ, अजून कसे नव्यासारखे आहेत."

"ते ओट्याशी येतच नाहीत, म्हणून."

वर्षभर मी या वाक्याची तयारी केली होती, मोठ्याने ओरडायची तयारी केली होती. प्रत्यक्षात माझा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तेवढाच निघाला.

"केतकी, माझ्या कपाटातली सुती साडी नेस. आणि तुम्ही दोघं आत या. आपल्या घरात सोवळ्याला खरंच रेशीम लागत असेल, तर ते आज तुमच्याच अंगावर आहे. ज्याच्या अंगावर खरं रेशीम, त्याने ओट्याशी उभं राहायचं."

निनाद आदल्या वर्षी ज्या दारात थबकला होता तिथेच उभा होता. आधी तोच आत आला. त्याने खाली बघत कढई उचलून शेगडीवर ठेवली. मग श्रीकांत आला. मी आणि केतकी पाटावर बसून सांगत राहिलो आणि ते दोघं उघड्या अंगाने तेलापासून लांब पळत तळत राहिले. पहिले वडे काळे झाले, पुरण खाली लागलं, नैवेद्याला उशीर झाला. गौरी उभ्याच होत्या, त्यांची काही तक्रार दिसली नाही. कट सांडला तेव्हा केतकीने ती मोतिया साडी पुसायला घेतली, पण त्या कापडाने पाणीसुद्धा टिपलं नाही, नुसतं इकडचं तिकडे ढकललं. तिने ती गोळा करून कचऱ्यात टाकली. कुणी अडवलं नाही.

शेवटच्या घाण्याला श्रीकांतने वडा वरून सोडला आणि उकळत्या तेलाचा शिंतोडा उडाला. तो ओरडून मागे सरला. पोटावर बारीक लाल ठिपका उठला होता आणि पीतांबरावर, अगदी समोर, रुपयाएवढा तेलाचा डाग.

सासूबाई लगबगीने उठल्या. आधी त्याचं पोट बघितलं, त्यावर पाणी लावलं. मग पीतांबराचा तो भाग दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला.

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "डागच आहे. धुतला की निघेल."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पीतांबर त्यांच्या बोटांतून सुटला. मी हात पुढे केला नव्हता, तो माझ्या मांडीवर होता तसाच होता, कोपरात थोडा दुमडलेला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि या वेळी मी पदराने तो झाकला नाही.